पाऊण गिटारच्या तारा

पाऊण मापाची गिटार पाऊण लांबीची नसते. दुकानात जिच्या खोक्यावर ३/४ असे छापलेले असते, तिच्या तारांची कंपणारी लांबी बहुधा ५८० मिलिमीटरच्या आसपास भरते. मोठ्या माणसांच्या क्लासिकल गिटारची रूढ लांबी ६५० मिलिमीटर आहे. म्हणजे ही ‘पाऊण’ गिटार खरे तर नव्वद टक्क्यांच्या जवळ जाते. ‘अर्धी’ म्हणून मिळते ती ५३० ते ५४०च्या घरात, ‘पाव’ ४८०च्या आगेमागे, आणि प्रत्येक कारखान्याची मापे थोडी वेगळी. म्हणून तारा आणायला निघण्यापूर्वी खोक्यावरचा अपूर्णांक बाजूला ठेवावा आणि पट्टी हातात घ्यावी. गळ्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तो नट. त्याच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करावे, की लांबी मिळाली. थेट ब्रिजवर तारा ज्याच्यावर टेकतात त्या सॅडलपर्यंत मोजले तर आकडा एक-दोन मिलिमीटर जास्त येतो. तार दाबली की सूर किंचित चढतो, तो आवरण्यासाठी कारागीर सॅडल मुद्दाम थोडे मागे बसवतात.

हे माप का महत्त्वाचे, त्याचे उत्तर १६३६ साली फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मेर्सेन याने आपल्या संगीतशास्त्रावरच्या ग्रंथात दिले. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे दर मिलिमीटरला असलेले वजन. सूर तोच ठेवायचा आणि तारही तीच, फक्त लांबी कमी करायची, तर ताण कमी करावा लागतो. तो लांबीच्या प्रमाणात नव्हे, लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, आणि सगळा घोळ या वर्गात आहे. ६५०वरून ५८०वर आलो की लांबी अकरा टक्क्यांनी घटते, पण ताण वीस टक्क्यांनी. ५३५ मिलिमीटरच्या अर्ध्या गिटारवर मूळ ताणाचा जेमतेम अडुसष्ट टक्के भाग उरतो. पाव मापावर, ४८०ला, उरतात पंचावन्न टक्के.

क्लासिकल गिटारच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ३८ ते ४० किलो असतो, त्यात पहिल्या तारेचा वाटा सुमारे ७ किलोचा. तीच तार पाऊण गिटारवर साडेपाच किलोवर येते. मुलाच्या कोवळ्या बोटांना ते सुखाचे वाटते हे खरे, पण तारेला ते सुखाचे नसते. सैल तार छेडली की जास्त रुंद हलते आणि फ्रेटला घासून खरखरते. सहाव्या तारेचा, खर्जातल्या ईचा, सूर छेडल्याबरोबर चढतो आणि मग खाली घसरत येतो, त्यामुळे तो नेमका कुठे जुळवायचा तेच कळत नाही. तार दाबताना ती थोडी ताणली जाते, आणि मूळचा ताण जितका कमी तितका हा जादा ताण सुरात जास्त दिसतो. लांबी कमी असल्याने तेवढेच अंतर खाली दाबताना तार प्रमाणाने जास्त ताणली जाते, ती भर वेगळीच. दोन्ही मिळून हिशेब केला तर, तारांची उंची सारखीच ठेवल्यास, ५८०च्या गिटारवर दाबलेला सूर ६५०च्या मानाने दीडपटीहून जास्त चढतो. स्वस्त लहान गिटारींवर तारा बहुधा उंचच बसवलेल्या असतात. मग सहा वर्षांचे मूल मोकळ्या तारा नीट जुळवूनही पहिली कॉर्ड धरते तेव्हा ती बेसूर लागते. अशा वेळी मुलाचा कान कच्चा आहे असे म्हणणारे मोठे माणूस मला फार दुखवते. मुलाचा कान बहुतेक वेळा बरोबर असतो, दोष वाद्यावरच्या तारांचा असतो.

आपल्याकडे तंतुवाद्यांच्या कारागिरांना यात नवे काही नाही. मिरजेत पुरुषांचा तानपुरा आणि स्त्रियांचा तानपुरा वेगळ्या मापाचे होतात आणि त्यांवर तारही वेगळ्या जाडीची चढते. गायिकेच्या चढ्या सुराचा तानपुरा आखूड, त्याची तार बारीक. लांबी, सूर आणि तारेची जाडी या तिघांचा मेळ घालूनच वाद्य लावायचे, ही समज तिथे पिढ्यान् पिढ्या आहे. लहान गिटारच्या बाबतीत मात्र लांबी बदलते, सूर तोच मागितला जातो, आणि बाजारात बहुतेकदा मोठ्या गिटारचाच सेट कापून चढवला जातो.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला आहे, ‘हार्ड टेन्शन’ किंवा ‘एक्स्ट्रा हार्ड’ सेट घ्या. तो चूक नाही, अपुरा आहे. आकडे पाहू. नॉर्मल सेटमधली नायलॉनची पहिली तार साधारण ०.७१ मिलिमीटर जाडीची असते, सर्वांत जड सेटमधली ०.७४च्या आसपास. वजन जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून या बदलाने ताण सात-आठ टक्क्यांनी वाढेल. पाऊण गिटारवर गमावलेत वीस टक्के. म्हणजे बाजारातला सर्वांत जड सेट चढवूनही आपण ऐंशीवरून शहाऐंशीपर्यंतच पोहोचतो. पूर्ण भरपाई हवी असेल तर पहिली तार ०.८० मिलिमीटरची लागेल, आणि ती जवळजवळ नॉर्मल सेटमधल्या दुसऱ्या तारेएवढी जाड झाली.

तेवढी जाड तार मिळवता येते, पण ती हवी का? माझ्या मते बऱ्याचदा नको, आणि कारण बोटांचे नाही, सुराचे आहे. जाड तार ताठ असते. आदर्श तारेत मूळ सुरावरचे उपस्वर बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येवर बसतात. ताठ तारेत ते थोडे थोडे वर सरकतात, आणि कानाला सूर बोथट, लाकडी, अनिश्चित वाटतो. तीच नायलॉनची तार ६५०वरून ५८०वर नेली की हा दोष दीडपटीहून थोडा जास्त वाढतो. ताण भरून काढण्यासाठी तार जाड केली तर तो जवळपास दुप्पट होतो. म्हणजे खरखर गेली, पण गोडवाही गेला. शिवाय दाबल्यावर सूर चढण्याचा जो दोष वर सांगितला, तो त्याच पदार्थाची तार नुसती जाड करून जात नाही. ताण वाढतो तसा तारेचा चिवटपणाही त्याच प्रमाणात वाढतो आणि हिशेब होता तिथेच राहतो.

त्यामुळे लहान गिटारला एकच जड सेट चढवून मोकळे होता येत नाही. सहा तारांच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

खर्जाच्या तीन तारा, म्हणजे चौथी डी, पाचवी ए आणि सहावी ई, सर्वांत सोप्या. त्यांचा गाभा नायलॉनच्या अगदी बारीक धाग्यांच्या जुडग्याचा असतो आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. वजन धातूचे, पण लवचिकपणा धाग्यांचा. म्हणून त्या जड केल्या तरी नायलॉनच्या अखंड तारेइतक्या ताठ होत नाहीत. पाऊण किंवा अर्ध्या गिटारवर या तीन तारा हार्ड किंवा एक्स्ट्रा हार्ड सेटमधूनच घ्याव्यात. निदान सहावी तरी. बाकी काहीच बदलायचे नसेल, तरी एवढ्याने लहान गिटारचा अर्धा आजार बरा होतो.

पहिली आणि दुसरी तार मध्यम वाटेवरच्या. त्या बारीक असल्याने थोड्या जाड केल्या तरी फार बिघडत नाही. हार्ड सेटमधल्या घ्याव्यात आणि पुढे जावे.

तिसरी तार, जी, हे मात्र क्लासिकल गिटारचे जुने दुखणे आहे. नायलॉनच्या तिन्ही साध्या तारांत ती सर्वांत जाड, एक मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त, आणि तिचा सूर पहिलीपेक्षा बराच खाली. जाडी वाढली, सूर उतरला, दोन्ही गोष्टी ताठपणाचा दोष वाढवतात. पहिलीच्या तुलनेत तिसरीत हा दोष पाच ते सहा पट भरतो. मोठ्या गिटारवरसुद्धा वादक तिसरीला ‘मुकी’ म्हणतात. लहान गिटारवर ती खरोखर मुकी होते, आणि तिला आणखी जाड करणे म्हणजे रोग वाढवणे. तिला जाडी नको, घनता हवी.

इथे पदार्थाचा इतिहास उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत गिटारला तात चढवली जात असे, जनावरांच्या आतड्यांपासून पीळ घालून बनवलेली. युद्धात ती शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांना मिळेना. न्यूयॉर्कचे वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन यांनी ड्यूपाँ कंपनीच्या नायलॉनच्या धाग्यापासून तारा करून पाहिल्या, गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस नायलॉन रुळले. नायलॉन तातीपेक्षा टिकाऊ होते, ओलसर हवेत तातीइतके लहरी नव्हते, पण तातीहून हलकेही होते. सूर आणि ताण तेच ठेवायचे तर ते जाड घ्यावे लागले, आणि तिसऱ्या तारेचे मुकेपण बऱ्याच अंशी तिथून आले. पुढे दोन घन पदार्थ आले. एक फ्लोरोकार्बन, मासेमारीच्या दोरीतून गिटारकडे आलेला, ज्याला वादक नुसते ‘कार्बन’ म्हणतात. दुसरा इटलीतल्या अक्विला कंपनीचा नायलगट, ज्याची घनता जाणूनबुजून तातीच्या जवळ ठेवली आहे. फ्लोरोकार्बन नायलॉनच्या दीडपटीहून अधिक जड आहे, म्हणून त्याच सुराला आणि त्याच ताणाला त्याची तार वीस टक्क्यांनी बारीक पुरते.

आता पाऊण गिटारचा हिशेब पुन्हा मांडू. गमावलेला ताण पूर्णपणे भरून काढणारी कार्बनची तिसरी तार साधारण ०.९३ मिलिमीटरची लागेल. मोठ्या गिटारवरच्या नायलॉनच्या तिसरीपेक्षा ती तरीही बारीक. लहान गिटारवर एकच तार बदलण्याएवढे पैसे असतील तर मी हीच बदलीन. कार्बनचा आवाज नायलॉनपेक्षा उजळ, थोडा धारदार लागतो, आणि मोठ्या गिटारवर तो अनेकांना रुचत नाही. लहान पेटीचा आवाज मुळात दबलेला असतो, तिथे ही धार कामी येते. पहिल्या तारेला मात्र कार्बन शक्यतो लावू नये. ती फार बारीक होते, मुलांच्या बोटांना रुतते आणि आवाज किरकिरा होतो.

तयार सेट हवा असेल तर जर्मनीची हानाबाख आणि अमेरिकेतल्या डॅडारिओ व ला बेला या कंपन्या लहान मापांसाठी वेगळे सेट करतात. पाकिटावरचा अपूर्णांक पाहूच नये, तो सेट किती सेंटिमीटर लांबीसाठी आहे ते शोधावे आणि आपल्या मोजलेल्या लांबीशी ताडावे. आपल्याकडच्या साध्या दुकानांत हे सेट सहज दिसत नाहीत, मागवावे लागतात. ते येईपर्यंत हार्ड सेट आणि एक सुटी कार्बनची तिसरी, ही जोडी पाऊण गिटारला नीट पुरते.

पूर्ण भरपाईचा आग्रह मात्र धरू नये. लहान गिटारची पुढची लाकडी फळी पातळ आणि हलकी असेल तर तिला पंच्याऐंशी-नव्वद टक्के ताण पुरतो, आणि सात-आठ वर्षांच्या हातालाही. एकोणिसाव्या शतकातल्या लाकोत किंवा पॅनोर्मो या कारागिरांच्या हलक्या बांधणीच्या गिटारींच्या नकला आज बनतात, त्यांची लांबी ६३०च्या आसपास असते. त्यांवर तर एक्स्ट्रा हार्ड सेट चढवूच नये, त्या वाद्यांची घडणच कमी ताणाची आहे. ६५० हे माप रूढ झाले ते नंतर, आल्मेरियाचा कारागीर आंतोनियो दे तोर्रेस याने मोठ्या पेटीची गिटार घडवली त्यानंतर.

दुसरी एक वाट अशी की, तार बदलण्याऐवजी सूर बदलावा. जुन्या ल्यूटच्या पाठांत पहिली तार सोसेल तेवढी वर चढवावी आणि बाकीच्या तिच्यावरून जुळवाव्यात, असे सांगितलेले असे. त्यात मोठे शहाणपण होते. एखादा पदार्थ ठरावीक लांबीवर कोणत्या सुराला तुटेल, हे तारेच्या जाडीवर अवलंबून नसते, आणि तार त्या सुराच्या जितकी जवळ जाते तितकी ती खुलते. लहान गिटारवर तोच सूर ठेवला की तार त्या टोकापासून लांब राहते. ती वर चढवली की पुन्हा तिच्या जागी येते. ६५०च्या गिटारवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला की उरते ५७९ मिलिमीटर, म्हणजे नेमकी पाऊण गिटार. तिसऱ्या फ्रेटला ५४७, पाचव्याला ४८७. म्हणून पाऊण गिटार दोन अर्धस्वर वर, अर्धी तीन, पाव पाच अर्धस्वर वर जुळवली तर नॉर्मल सेटच मोठ्या गिटारच्या ताणाच्या जवळपास बसतो. व्हिएन्नात मौरो जुलियानीने जिच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला ती तेर्झ गिटार हीच. आखूड लांबी, तीन अर्धस्वर वर. लहान पेटी खालच्या ईचा मूळ सूर नीट बाहेर टाकूच शकत नाही, त्यामुळे चढ्या सुरात ती जास्त मोकळी वाजते. यामाहाची ४३३ मिलिमीटरची गिटालेले पाच अर्धस्वर वर जुळवलेली असते. लांबीच्या हिशेबाने ती सातला हवी होती, म्हणून तिच्यावर नॉर्मल सेट लावला तर तोही थोडा सैलच राहतो. तिला हार्ड सेटच शोभतो.

पाव आणि अर्ध्या गिटारीला मी ही वाट बिनदिक्कत सुचवतो. शिक्षकांनी आपल्या मोठ्या गिटारीला पाचव्या किंवा तिसऱ्या फ्रेटला कॅपो लावावा, की दोघांचे सूर जुळतात आणि मुलाची बोटे तीच राहतात. पाऊण गिटारला मात्र नको. त्या वयाचे मूल हार्मोनियमसोबत, पियानोसोबत, गटात वाजवू लागते, लिहिलेला सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळे असणे त्याला अडचणीचे होते.

लहान हातांची मोठी माणसे ६४०, ६३० किंवा ६१५ मिलिमीटरची गिटार घेतात. त्यांनी फार विचार करू नये. ६४०ला सत्त्याण्णव टक्के ताण राहतो, आवडीचा कोणताही सेट चालतो. ६३०ला चौऱ्याण्णव, हार्ड सेट बव्हंशी भरपाई करतो. ६१५ला नव्वदच्या खाली, तिथे वरचा तिसऱ्या तारेचा विचार लागू करावा. १९६०च्या दशकात माद्रिदच्या होसे रामिरेस तिसरे यांनी ६६४ मिलिमीटरच्या गिटारी रूढ केल्या आणि कित्येक वादकांची बोटे त्यांवर ओढाताण सोसत राहिली. त्यापेक्षा आपल्या हाताच्या मापाची गिटार आणि तिला साजेशा तारा, हे कितीतरी चांगले.

एक गोष्ट कधीही करू नये. नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नयेत, ती कितीही लहान असली तरी. मोठ्या गिटारवर हलक्या स्टील सेटचा ताण ७० किलोच्या वर जातो, नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट, आणि आखूड लांबीवर तो कमी झाला तरी नायलॉनच्या बांधणीला झेपण्यापलीकडचाच राहतो. ब्रिज उपटतो, फळी फुगते, गळा वाकतो. आपल्या बाजारात स्टीलसाठीच बनवलेल्या लहान गिटारीही खूप आहेत, म्हणून आधी ब्रिज पाहावा. तारा ब्रिजवरच्या आडव्या पट्टीला गाठ मारून बांधलेल्या असतील तर ती नायलॉनची गिटार, खुंट्या ठोकून अडकवलेल्या असतील तर स्टीलची.

जाड तारा घेतल्यास नटच्या खाचा तपासाव्यात. खाच अरुंद असेल तर तार अडकते, खुंटी फिरवली की सूर उडी मारतो. बारीक कानसीने एक-दोन घासे पुरतात. कार्बनची तार बारीक, ती नायलॉनसाठी केलेल्या खाचेत खाली बसून मोकळी वाजताना खरखरली, तर नटखाली कागदाची पातळ पट्टी सरकवावी. सॅडल उंच असेल तर खालून घासून कमी करावे, पण खर्जाच्या जड तारा चढवल्यानंतर. त्या आधीइतक्या रुंद हलत नाहीत, म्हणून त्यांना जागा कमी लागते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर घाम आणि खारी हवा तांब्याच्या गुंडाळीला लवकर काळवंडतात. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडाने तारा पुसाव्यात.

नायलॉन ताणत राहते, म्हणून नवी तार पहिले काही दिवस रोज उतरते, रोज जुळवावी. ती स्थिरावली की बाराव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून हार्मोनिक काढावा, मग तिथेच तार दाबून वाजवावी. दोन सूर एकमेकांवर बसले तर तार त्या गिटारला मानवली. दाबलेला सूर स्पष्ट वर जात असेल तर आधी सॅडलची उंची पाहावी, आणि ती योग्य असूनही चढत असेल तर त्या एका तारेसाठी अधिक घन पदार्थाची तार शोधावी.